मूळ रूपातला बुटका

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. आणि बागेत पाय न टाकता लिहिलंत. बांधावर जीप उभी केलीत, बूट चिखलात भरतील म्हणून खाली उतरला नाहीत, तिथूनच मान लांब करून बघितलंत आणि लिहून मोकळे झालात: 'चालकाचा निष्काळजीपणा'. ज्या माणसाच्या हातून कधी द्राक्षाची काडी मोडली नाही, तो तुमच्या एका ओळीत निष्काळजी झाला. मेलेला माणूस उठून भांडायला येत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. पण त्याची बायको जिवंत आहे, हे मात्र तुम्ही विसरलात.

तिचं नाव लंकाबाई. पिंपळगाव बसवंतहून आत वळलं की नदीच्या अंगाला तिची आणि खंडेरावाची द्राक्षबाग. मांडव सासऱ्यानं उभा केलेला. हल्लीचे मांडव ऐसपैस उंच असतात, हा बसका. सासरा म्हणायचा, घड हाताला लागला पाहिजे, त्याच्यासाठी शिडी कशाला? म्हणून त्यानं आपल्या बायकोला मधोमध उभं केलं, तिचा हात वर करायला लावला आणि तिथं तारा ओढल्या. घरातल्या बाईच्या हाताच्या मापाचा मांडव. लंकाबाई लग्न करून आली तेव्हा तिचाही हात तिथंच पोचला. उंचापुरा खंडेराव मात्र आत शिरला की मान झुकवायचा. सवयच झाली होती त्याला.

आणि खंडेरावाच्या बापानंच घेतलेला एक लाल ट्रॅक्टर. जुन्या बांध्याचा, उंच, रुंद, भारदस्त. नांगरटीला वाघ, पण बागेत शिरायचं म्हटलं की बैलगाडी देवळात शिरल्यागत. फवारणी मग खांद्यावर पाइप ओढत पायी. पुढं ब्लोअर आले, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायचं पंख्याचं फवारणीयंत्र, आणि गावोगावचे लोक जुने ट्रॅक्टर कापून बागेजोगे करायला लागले. खंडेरावानंही आपला ट्रॅक्टर बुद्धभूषणकडं नेला.

बुद्धभूषणची वेल्डिंगची शेड हायवेच्या कडेला, कांद्याच्या चाळींच्या मागं. माणूस बोलायला तिरकस, कामाला सरळ. त्यानं ट्रॅक्टरला हात लावायच्या आधी हा मांडव बघायला मागितला. आला, मांडवाखाली कांद्याचं एक क्रेट उपडं टाकलं आणि खंडेरावाला म्हणाला, "बसा दादा."

"ट्रॅक्टर करायचाय का माझी हजामत?"

"बसा तर. आता मागं बघा. डावीकडून बघा. आता उजवीकडून. पाठ सरळ करून बघा."

खंडेराव वळला, बघितलं, परत वळला. बुद्धभूषणनं त्याच्या डोक्याच्या आणि तारेच्या मध्ये आपली वीत धरून ठेवली होती. क्रेटखाली विटा सारल्या, काढल्या, पुन्हा बघितलं. लंकाबाई हसत उभी होती.

"हसू नका वैनी," तो म्हणाला. "नांगरणारा पुढं बघतो. फवारणारा मागं बघतो. नोझल तुंबलं का, औषधाचा धूर नीट उडतो का, सगळं ध्यान मागं. त्याचं डोकं त्याला दिसत नाय. म्हणून डोक्यावर एक वीत मोकळी पाहिजे. त्या वितीसाठी मी ट्रॅक्टर कापतो, शोसाठी नाय."

मग त्यानं ट्रॅक्टर कापला. सीट खाली गिअरबॉक्सच्या अंगावर बसवली, स्टिअरिंग आखूड करून कलतं केलं, मोठी चाकं काढून लहान घातली, मडगार्ड छाटली. बॉनेटवर उभं असलेलं सायलेन्सरचं नळकांडं काढून धूर पोटाखालून मागं सोडला. ट्रॅक्टर असा बसका झाला की गावानं त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, बुटका.

बुद्धभूषणची एक रीत होती. कापलेलं, उतरवलेलं सगळं सामान तो पोत्यात बांधून मालकाच्या दारात टाकायचा. भंगारवाल्याला देऊ द्यायचा नाही. "तुमच्या ट्रॅक्टरची हाडं आहेत, घरी ठेवा," म्हणायचा. तर बुटक्याची हाडं खंडेरावाच्या अंगणात पसरली. एक मडगार्ड कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर झालं. नळकांडं जमिनीत गाडून लंकाबाईनं त्याला कपड्यांची दोरी बांधली. उंच लोखंडी सीट ओट्यावर गेली आणि चुलत सासू बयाबाई तिच्यावर बसून लसूण सोलायला लागली. मोठी चाकं गोठ्यामागं टेकून राहिली.

आणि बुटका बागेत फिरायला लागला. वर्षानुवर्षं फिरला. खंडेराव त्याच्यावर बसला की दोघं मिळून एकच जनावर वाटायचं. शेजारपाजारच्या बागांतूनही बोलावणं यायचं, कारण खंडेराव ओळीतून गेला की मागं एक काडी मोडलेली सापडत नसे. फवारताना लंकाबाई ओळीच्या तोंडाशी औषधाच्या टाकीजवळ उभी राहायची आणि मागून लक्ष ठेवायची. एखादं नोझल तुंबलं की हाक मारायची. खंडेराव जागेवरूनच वळून बघायचा, हात वर करायचा, थांबायचा. वळताना तो पाठ सरळ करायचा. वर एक वीत मोकळी होती. तिचा विचार करायची गरजच कधी पडली नाही.

मग तुम्ही आलात, साहेब.

गेल्या वर्षी तुमच्या आरटीओची मोहीम निघाली. बदल केलेली वाहनं धरायची. खंडेराव मेकॅनिकला डिझेल पंप दाखवायला बुटका घेऊन पिंपळगावला निघाला होता, सर्व्हिस रोडवर तुम्ही हात केलात.

"हे काय आहे?"

"ट्रॅक्टर हाय साहेब."

"कंपनीनं असा बनवला?"

"कंपनीनं उंच बनवला होता. बागेनं बुटका केला."

तुमचा शिपाई हसला. तुम्ही हसला नाहीत. बुटका तुमच्या आवारात जाऊन उभा राहिला, एका फुटक्या टेम्पोच्या आणि चाकं नसलेल्या रिक्षाच्या मध्ये. खंडेराव चार खेपा घालून आला तेव्हा तुम्ही तोंड उघडलंत. मूळ रूपात आणा, तपासून घ्या, घेऊन जा.

"मूळ रूपात आणला तर बागेत शिरल कसा साहेब?"

"तो आमचा विषय नाही."

नाही कसा? तोच तर विषय होता. दुसरा विषयच नव्हता.

घरी आल्यावर खंडेराव जेवला नाही. अंगणात उभा राहून दोरीच्या खांबाकडं बघत राहिला. लंकाबाईला कळलं. तिनं वाळत घातलेले कपडे काढले, दोरी सोडली आणि म्हणाली, "घ्या उपटून."

"तुझी दोरी कुठं बांधशील?"

"लिंबाला बांधीन. तिथं उभा राहून गंजण्यापरीस घरी तरी येईल."

कोंबड्यांवरचं मडगार्ड तिनंच काढलं. शेण लागलं होतं, राखेनं घासून चकचकीत केलं. बयाबाई सीटवरून उठेना.

"माझं सिंहासन नेता व्हय रे मुडद्यांनो? त्या साहेबाला म्हणावं लसूण सोलायला ये इथं."

सगळी हाडं टेम्पोत घालून तुमच्या आवारात आणली. तुमच्याच खिडकीखाली बुद्धभूषणनं बुटक्याला उंच केलं. आपल्याच हातानं घातलेले टाके आपल्याच हातानं तोडताना त्याचं तोंड बघवत नव्हतं. लंकाबाई डबा घेऊन गेली होती. तो म्हणाला, "वैनी, मी लोखंड जोडून पोट भरतो. आज पहिल्यांदा वाटतंय की हात मोडावा."

"असं नका बोलू भाऊ. आज उंच करा, उद्या पुन्हा खाली बसवू."

हे ऐकायला तुम्ही खिडकीत होतात, साहेब. चहाचा कप होता हातात. तुम्ही तिथूनच बोललात, "परत बुटका दिसला तर सरळ भंगारात जाईल. आणि हा फिटर कोण? याच्या शेडला कुलूप लावीन."

बुद्धभूषण तुमच्याकडं बघून नुसता हसला. पण शेड त्याच्या एकट्याची नव्हती, दोन भावांची पोटं तिच्यावर होती. खंडेरावाला ते माहीत होतं. म्हणून तोच म्हणाला, "राहू दे भूषण. यांची मोहीम निवू दे. पाडव्यानंतर बघू."

तुम्ही फोटो काढलेत, शिक्का मारलात. मूळ रूप. सगळं बरोबर.

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा लंकाबाईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. बुद्धभूषणनं उरलेला लाल रंगही मारला होता. उंच चाकं, ताठ नळकांडं.

"नवरदेव दिसतोय गं बाई," बयाबाई म्हणाली.

"नवरदेव हाय," खंडेराव म्हणाला, "पण घराच्या दारातून आत येत नाय." सगळे हसले. ओट्याच्या कोपऱ्याला टेकून लंकाबाईही हसली. त्या हसण्याचा तिला आता इतका राग येतो की तिनं ओट्याच्या त्या कोपऱ्यात बसणं सोडलंय.

पाडव्यापर्यंत थांबायला बाग काही तुमच्या कचेरीतली फाइल नाही. छाटणी होऊन गेली होती, फुटीवर बारके घड दिसायला लागले होते, आणि अवकाळी पाऊस आला. पानं ओली राहिली की डावणी येते. पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते आणि बघता बघता घड जळून जातात. पाऊस उघडला की लगेच फवारलं तर बाग, नाहीतर सरपण. असल्या दिवशी कुणाचा ट्रॅक्टर कुणाला मोकळा नसतो. खंडेरावानं फोन केले. जो तो आपल्याच बागेत. एकजण म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतो. संध्याकाळपर्यंत काय राहिलं असतं?

सकाळी ऊन पडायच्या आधी त्यानं पाना घेतला आणि नळकांडं काढलं. ते काढल्याशिवाय ट्रॅक्टर तारांखाली जाणारच नव्हता. नळकांडं ओळीच्या तोंडाशी नीट आडवं ठेवलं, वर पोतं टाकलं. ब्लोअर जोडला.

"मान सांभाळा," लंकाबाई म्हणाली.

"मान नाय, अख्खा माणूस घडी करून ठेवतो बघ."

पहिल्या ओळीतून तो तसाच गेला. छाती स्टिअरिंगला टेकवून, हनुवटी आत घेऊन. दुसऱ्या टोकाला बाहेर आला तेव्हा पाठ धरून हसत होता. "लंके, लग्नात तुझ्या आज्यासमोर इतका वाकलो नव्हतो गं!" दुसऱ्या ओळीतून परत आला. तिसरीत शिरला. लंकाबाई टाकीत औषध ढवळत होती. तिनं मान वर केली तर डाव्या बाजूचं एक नोझल कोरडं. त्या बाजूच्या पानांवर धूरच बसत नव्हता. तिनं नेहमीसारखी हाक मारली.

"अहो, डावीकडलं तुंबलंय!"

आणि तो नेहमीसारखा वळला. पाठ सरळ करून.

वरती एक वीत नव्हती. तिथं तारांना टेकू दिलेला लोखंडी अँगल होता. ट्रॅक्टर चालता होता.

आवाज काही फार झाला नाही. ब्लोअरच्या घरघरीत तो तिला ऐकूही आला नाही. तिला एवढंच दिसलं की त्यानं वर करायचा हात वर केला नाही. ट्रॅक्टर तसाच पुढं जाऊन खांबाला टेकला आणि कण्हत बंद पडला. ब्लोअरचा पंखा थांबला. औषधाचा धूर खाली बसला. खंडेराव स्टिअरिंगवर वाकून होता. अगदी तसाच, जसं त्यानं वाकून राहायला हवं होतं.

तुम्ही दुपारी आलात, साहेब. अपघातातलं वाहन तपासायला यावंच लागतं तुम्हाला. बांधावरून तुम्हाला पोत्याखालून डोकावणारं नळकांडं दिसलं. बाकी काही दिसलं नाही. मग कागदावर ते आलं. चालकाने सायलेन्सर काढून मंजूर वाहनात अनधिकृत बदल केला. पुढं मांडवाखाली वाहन नेऊन निष्काळजीपणा केला. मंजूर कुणी केलं होतं, कशाला केलं होतं, ते त्या कागदावर नव्हतं.

दहावं झालं, तेरावं झालं. हवालदार सहीला आला. जवळच्या नातेवाइकाची सही पाहिजे. लंकाबाई सातवी शिकलेली. तिनं वाचलं आणि बोट त्या एका शब्दावर ठेवलं.

"हे खोडा."

"अहो ताई, ती पद्धत असते. असंच लिहितात."

"कुणाकुणाला लिहिता?"

भाऊबंद म्हणाले, सही कर, पुढची कामं मार्गी लागतील. बयाबाईसुद्धा म्हणाली, "गेलेला माणूस एका शब्दानं येतो का परत बाई?" लंकाबाई म्हणाली, "येत नाय. पण त्या शब्दानं रोज मरतोय."

तिनं सही केली नाही, आणि ट्रॅक्टरही हलवू दिला नाही. तिसऱ्या ओळीत जिथं टेकला होता तिथंच तो उभा. शेजारी म्हणाले, आम्ही फवारून देतो, तेवढा बाजूला घेऊ. ती म्हणाली, साहेब बघून जाऊ देत. बागेवर डावणी चढली. आधी पानं पिवळी, मग तपकिरी, मग घड काळे पडून बोटांत चुरायला लागले. सासऱ्यानं बायकोच्या हाताच्या मापानं उभा केलेला मांडव तिच्या डोळ्यांदेखत उघडा पडला. ती रोज जाऊन बघायची. रात्री तिला पानांचं काही आठवायचं नाही. स्वतःची हाक तेवढी ऐकू यायची. डावीकडलं तुंबलंय.

शेवटी तुमच्याच कामाचं अडलं. सहीवाचून फाइल बंद होईना. तुम्ही परत आलात, बरोबर तोच कागद घेऊन हवालदार. लंकाबाई ओळीच्या तोंडाशी उभी होती. मागं बुद्धभूषण, शेड बंद ठेवून आलेला.

"बाई, किती दिवस चालवणार हे? सही करा म्हणजे वाहन हलवता येईल."

"वाहन आत हाय साहेब. बघितलं नाय तुम्ही अजून. चला."

या वेळी चिखल नव्हता, म्हणून तुम्ही आत आलात. तुमची आणि खंडेरावाची उंची सारखीच, हे तिला तेव्हा दिसलं. ट्रॅक्टरवर सुकलेली पानं पडली होती. तिनं पदरानं सीट पुसली.

"बसा."

"मी कशाला बसू?"

"तुम्हीच मंजूर केलेली सीट हाय. बसा तर."

हवालदारानं तोंड दुसरीकडं फिरवलं. तुम्ही चिडून पायदानावर पाय ठेवलात, बसलात.

लंकाबाई मागं गेली. ब्लोअरजवळ, ओळीच्या तोंडाच्या बाजूला, जिकडून ती वर्षानुवर्षं बघत आली होती.

"हाक मी मारली होती साहेब. ते लिहा. माझं नाव घालून लिहा, लंकाबाईनं हाक मारली म्हणून तो वळला. त्याच्याखाली मी आत्ता सही करते. मी त्याला मागं बघायला लावलं, ते उरलेला जन्म माझं मी भोगीन. पण तो निष्काळजी नव्हता. आता मागं बघा. डावीकडलं नोझल बघा."

तुम्ही बघितलं नाहीत.

"मागं नका बघू. नुसते सरळ तरी बसा. कचेरीत खुर्चीत बसता तसे."

तुम्ही मान खांद्यात घातली होती, साहेब. पाठीचा कणा गोल करून बसला होतात. वर तारा होत्या, आणि तुमचा एक हात, तुमच्याही नकळत, डोक्यावर आला होता. ट्रॅक्टर बंद होता. चाक हलत नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. तरी तुम्ही तसेच बसून राहिलात.

"बाई, नियमात..." तुम्ही सुरू केलंत.

"नियम राहू द्या. तुमच्या कागदात हा ट्रॅक्टर बरोबर, ही सीट बरोबर, ही उंची बरोबर. चुकला तो फक्त माझा नवरा. मग बंद ट्रॅक्टरवर तुम्ही का वाकलात?"

हवालदार बघतोय. बुद्धभूषण बघतोय. लंकाबाई अजून तिथंच उभी आहे, जळालेल्या मांडवाखाली, कागदावरच्या सहीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून. उतरू नका, साहेब. आधी सांगा, तुम्ही का वाकलात?